‘टूल पुन्हा बिघडलंय’ ही तक्रार दर रिलीजनंतर परत येते, तेव्हा कुठून शोधायचं

लक्षण नेहमी एकच असतं. कोड लिहून देणाऱ्या एआय टूलचं नवं रिलीज बाहेर पडतं, आठ-दहा दिवस शांततेत जातात. मग एखादा जुना, कामात मुरलेला डेव्हलपर लिहितो, ‘गेल्या आठवड्यापासून टूल पूर्वीसारखं चालत नाही. सांगितलेलं विसरतं, अर्धवट काम करून झालं म्हणतं.’ दोन दिवसांत तशाच आणखी तीन-चार तक्रारी येतात. टीम डॅशबोर्ड उघडते. एररचं प्रमाण, उत्तराला लागणारा वेळ, बेंचमार्कचे (ठरावीक कामांच्या चाचणीचे) गुण, सगळं जागच्या जागी असतं. उत्तर जातं, ‘आमच्या बाजूने काही बदल दिसत नाही.’ तीन-चार आठवड्यांनी खरंच काहीतरी सापडतं, दुरुस्त होतं, आणि पुढच्या रिलीजनंतर पहिल्यापासून सगळं सुरू.

मी एका एआय कोडिंग टूलच्या टीममध्ये काम करते. हा फेरा आमच्याकडे चार वेळा झाला. दर वेळी काही डेव्हलपर टूल सोडून गेले आणि बिघाड दुरुस्त झाल्यावरही त्यातले बरेच परत आले नाहीत. त्यांच्याशी बोलल्यावर एक गोष्ट सारखी कानावर आली. टूल चुकतं हे त्यांना मान्य होतं. ‘काही बदललेलं नाही’ हे आमचं उत्तर त्यांना मान्य नव्हतं, कारण बदललेलं त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं. विश्वास तुटतो तो या उत्तरापाशी. म्हणून दुरुस्तीची सुरुवातही तिथूनच करायला हवी.

डॅशबोर्ड हिरवा का राहतो

सर्व्हरच्या नजरेने पाहिलं तर टूल बिघडलेलंच नसतं. विनंती आली, उत्तर गेलं, एरर कुठेच नाही. बिघाड असतो उत्तराच्या अर्थात. नको ती फाइल बदलली, घातलेली अट गाळली, टेस्ट न चालवताच चालवली म्हणून सांगितलं. अशा बिघाडाची लॉगमध्ये नोंद होत नाही. हिरवा डॅशबोर्ड एवढंच सांगतो की सर्व्हर चालू आहे.

बेंचमार्ककडूनही आपण जास्त अपेक्षा ठेवतो. समजा ५०० कामांचा संच आहे आणि टूल त्यातली ६० टक्के कामं सोडवतं. इतक्या कामांवरून काढलेल्या आकड्यात दोन्ही बाजूंना सुमारे ४ टक्क्यांची अनिश्चितता धरावीच लागते. दोन टक्क्यांची खरी घसरण त्यात सहज लपते. एकूण गुणांची तुलना सोडा. तीच कामं जुन्या आणि नव्या आवृत्तीवर चालवा, आणि आधी सुटणारी पण आता न सुटणारी कामं वेगळी काढून माणसाने बसून वाचा. वाचायला अर्धा दिवस लागतो. आमच्या अनुभवात कोणत्याही आलेखापेक्षा हा अर्धा दिवस जास्त सांगून जातो.

सातत्याचा हिशोब तर बहुतेक टीम करतच नाहीत. एखादी पायरी दहापैकी नऊ वेळा नीट जमत असेल तर आपण खूश असतो. डेव्हलपरचं काम मात्र आठ पायऱ्यांचं असतं. आठही पायऱ्या ओळीने नीट जाण्याची शक्यता ४३ टक्के उरते. एका पायरीचं यश ९० वरून ८५ वर आलं, तर आठ पायऱ्यांचं यश ४३ वरून २७ वर येतं. आपल्या आलेखात पाच टक्क्यांची घट दिसते, आणि डेव्हलपरला आधी पाचातली दोन कामं एका दमात होत होती ती आता चारातलं एकच होताना दिसतं. दोघंही खरं बोलत असतात.

आणि सरासरीत काहींचा मोठा त्रास लपून जातो. अँथ्रोपिकने सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या क्लॉड मॉडेलच्या घसरलेल्या दर्जाचा तपास जाहीर केला. अशी टूल चालवणाऱ्या प्रत्येक टीमने तो नीट अभ्यासावा असं मला मनापासून वाटतं. त्यात एकमेकांत गुंतलेले तीन वेगवेगळे बिघाड निघाले. पहिल्यात सॉनेट ४ या क्लॉड मॉडेलच्या काही विनंत्या दहा लाख टोकनच्या (शब्दांच्या तुकड्यांच्या) कॉन्टेक्स्टसाठी, म्हणजे मॉडेल एका वेळी समोर ठेवतं त्या मजकुरासाठी, तयार होत असलेल्या सर्व्हरकडे वळत होत्या. ५ ऑगस्टला हे प्रमाण फक्त ०.८ टक्के होतं. २९ ऑगस्टला लोड वाटपात एक नेहमीचा बदल झाला आणि ३१ ऑगस्टच्या सर्वांत वाईट तासात ते १६ टक्क्यांवर गेलं. भरीला, रूटिंग (कोणती विनंती कोणत्या सर्व्हरकडे जाईल ते ठरवणं) चिकट होतं. एखादी विनंती चुकीच्या सर्व्हरकडे गेली की त्याच संभाषणातल्या पुढच्या विनंत्याही बहुधा तिकडेच जात. त्यामुळे काहींना सगळा दिवस खराब उत्तरं मिळाली आणि शेजारच्या खुर्चीवरच्याला काहीच जाणवलं नाही. त्या काळात क्लॉड कोड हे अँथ्रोपिकचं कोडिंग टूल वापरणाऱ्यांपैकी सुमारे ३० टक्के लोकांची निदान एक विनंती तरी चुकीच्या सर्व्हरकडे गेली होती. नेहमीच्या चाचण्यांना हे पकडता आलं नाही. वापरणाऱ्यांच्या तक्रारी मात्र आधीपासून येत होत्या.

‘मला तर नीट चालतंय’ असं टीममधला कोणी म्हणाला, की आता मी हे उदाहरण पुढे ठेवते.

आमच्याकडे चौथ्या वेळी काय झालं

तक्रार अशी होती. ‘मायग्रेशनच्या फोल्डरला हात लावू नको, असं सुरुवातीलाच सांगितलं होतं. दोन तासांनी टूलने तिथल्याच तीन फाइल बदलल्या.’ (मायग्रेशन म्हणजे डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइल.) चार जणांनी थोड्याफार फरकाने हेच लिहिलं होतं.

त्याच आठवड्यात आम्ही मॉडेलची आवृत्ती बदलली होती, म्हणून संशय तिकडे गेला. जुनं मॉडेल परत लावून पाहिलं, नवं लावून पाहिलं, शेकडो कामं चालवली. नऊ दिवस त्यात गेले आणि हाती काहीच लागलं नाही. शेवटी एका सहकाऱ्याने तक्रारींतल्या सेशनची, म्हणजे टूलसोबतच्या सलग बैठकीची, लांबी मोजली. चारही सेशन दीड तासाच्या पुढची होती.

सेशन लांबलं की कॉन्टेक्स्ट भरत येतो. तेव्हा टूल जुन्या संभाषणाचा सारांश करतं आणि मूळ मजकूर बाजूला टाकतं. टोकनचा खर्च कमी करायचा म्हणून तीन आठवड्यांपूर्वी आम्ही सारांशाची सूचना बदलली होती. नवा सारांश जवळपास निम्म्या लांबीचा होता आणि वाचायला चांगलाही होता. काय काय केलं ते त्यात नेमकं येत होतं. काय करायचं नाही ते गळून पडत होतं. न घडलेल्या गोष्टीचा सारांशात उल्लेख करायचं मॉडेलला सुचतच नाही.

आमच्या चाचण्यांतलं सगळ्यात लांब काम वीस मिनिटांचं होतं. एकही चाचणी सारांशापर्यंत पोहोचत नव्हती. आणि आम्ही स्वतः वापरत होतो ती आवृत्ती एका फीचर फ्लॅगमुळे (एखादी सोय काही जणांपुरती चालू करणाऱ्या स्विचमुळे) मोठ्या कॉन्टेक्स्टची होती, म्हणजे आमच्या रोजच्या कामातही हा प्रकार दिसण्याची शक्यता नव्हती. बाहेरच्या लोकांना आम्ही जे देत होतो ते आमच्यापैकी कोणीच वापरत नव्हतं. या गोष्टीची मला अजूनही टोचणी आहे.

जुना सारांश त्याच संध्याकाळी परत लावला. पण ती तात्पुरती मलमपट्टी होती. खरी दुरुस्ती दोन भागांत केली. डेव्हलपरने घातलेल्या मनाया आता संभाषणातून वेगळ्या काढून ठेवल्या जातात आणि प्रत्येक सारांशानंतर त्याच्याच शब्दांत परत जोडल्या जातात. शिवाय एखाद्या फोल्डरला मनाई असेल तर फाइल लिहिणारा प्रोग्रॅमच लिहायला नकार देतो. मॉडेलने कितीही आत्मविश्वासाने लिहायला सांगितलं तरी. डेटाबेस पुसणं, ब्रँचवर (कोडच्या एका शाखेवर) जबरदस्तीने पुश करणं, फोल्डर उडवणं या कृतींनाही हेच लागू केलं. परत न फिरवता येणाऱ्या कृतीची राखण प्रॉम्प्टमधल्या (मॉडेलला दिलेल्या लेखी सूचनेतल्या) वाक्यावर सोपवू नये, हे माझं ठाम मत आहे. प्रॉम्प्ट ही विनंती असते. मॉडेल ती बहुतेक वेळा पाळतं, आणि ‘बहुतेक वेळा’ इथे पुरत नाही.

तपासाचा क्रम

आता तक्रार आली की आम्ही या क्रमाने जातो.

१. तक्रारदाराने सांगितलेल्या तारखेच्या तीन आठवडे मागपर्यंत काय काय बदललं याची यादी काढतो. फक्त मॉडेल पाहून भागत नाही. सिस्टीम प्रॉम्प्ट (प्रत्येक संभाषणाआधी मॉडेलला जाणाऱ्या कायमच्या सूचना), टूलला दिलेल्या साधनांची वर्णनं, विचार किती खोल करायचा याची डीफॉल्ट पातळी, सारांश, रिपोचा (प्रकल्पाच्या कोडसाठ्याचा) इंडेक्स म्हणजे शोधसूची, कॅश, फीचर फ्लॅग, रूटिंग, सर्व्हरवरच्या लायब्ररी, सगळं. प्रत्येक बदलापुढे तारीख आणि तो किती टक्के लोकांना गेला ते हवं. अशी यादी काढता येत नसेल तर बाकी सगळं थांबवून आधी ती व्यवस्था करा.

२. तक्रारदारांमध्ये साम्य शोधतो. सेशनची लांबी, रिपोचा आकार, भाषा, एडिटर, ऑपरेटिंग सिस्टीम, कोणत्या सर्व्हरगटाकडे विनंत्या गेल्या. चार तक्रारीसुद्धा पुरतात.

३. बिघाड पुन्हा घडवून पाहतो. त्याच कमिटवर (कोडच्या त्याच नोंदवलेल्या स्थितीवर), तीच सूचना, जुनी आणि नवी आवृत्ती, प्रत्येकी किमान दहा वेळा.

४. फरक दिसला की बदल एकेक करून उलटवतो.

पहिल्या पायरीत सिस्टीम प्रॉम्प्टकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, कारण तो ‘कोड’ वाटत नाही. एकदा आमच्याकडे कोणीतरी त्यात ‘उत्तर थोडक्यात दे’ एवढंच घातलं. हेतू चांगला होता, लोक लांबलचक स्पष्टीकरणांना कंटाळले होते. पण टूलने स्पष्टीकरणासोबत शोधाशोधही आखडती घेतली. बदल करण्याआधी पाच फाइल वाचायचं, ते दोनच वाचायला लागलं. आता प्रॉम्प्टची एक ओळ बदलली तरी तिला रिव्ह्यू लागतो, चाचण्या लागतात, आणि ती आधी थोड्या लोकांना जाते.

तिसऱ्या पायरीत ‘दहा वेळा’ का, असं नवे लोक विचारतात. टेंपरेचर, म्हणजे उत्तरात किती फेरफार चालेल ते ठरवणारा आकडा, शून्य ठेवलं तरी उत्तर दर वेळी तेच येईल याची खात्री नसते. सर्व्हर अनेकांच्या विनंत्या एकत्र करून सोडवतो. त्या क्षणी गर्दी किती आहे त्यावर गठ्ठ्याचा आकार ठरतो, आकाराप्रमाणे बेरजांचा क्रम बदलतो, आणि दशांशाच्या बेरजेत क्रम बदलला की शेवटचे अंक बदलतात. दोन शब्दांमध्ये चुरस असेल तर तेवढ्याने दुसराच शब्द निवडला जातो आणि तिथून पुढे सगळं उत्तर वेगळ्या वाटेने जातं. म्हणून ‘मी एकदा चालवून पाहिलं, मला नाही दिसलं’ हे उत्तर आम्ही ग्राह्य धरत नाही.

आणि बिघाड पुन्हा घडवायचा तर माहिती लागते. पूर्वी आम्ही तक्रारदाराला विचारत बसायचो. आवृत्ती कोणती, केव्हा झालं, नेमकं काय लिहिलं होतं. कामाच्या गडबडीतला माणूस दोन उत्तरं देतो आणि मग नाद सोडतो. आता टूलमध्येच एक आज्ञा आहे. ती दिली की टूलची आणि मॉडेलची आवृत्ती, सिस्टीम प्रॉम्प्टचा हॅश (मजकुरावरून काढलेली खूण, मजकूर बदलला की ती बदलते), चालू फ्लॅग, कमिट, सारांश कितव्या मिनिटाला झाला आणि विनंत्यांचे क्रमांक, असं गाठोडं तयार होतं. पाठवण्याआधी आतलं सगळं डेव्हलपरला दाखवलं जातं आणि नको ती ओळ त्याला काढता येते. पासवर्ड आणि गुप्त डिजिटल किल्ल्या आपोआप झाकल्या जातात. कोड न पाठवता फक्त बाकीची माहिती पाठवायचीही सोय आहे. अनेक जण तीच वापरतात, आणि बहुतेक वेळा तेवढी पुरते.

‘टूल खोटं बोलतं’ ही तक्रार

माझ्या मते विश्वासाचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून या मुद्द्यावर थोडं रेंगाळते. २०२५ च्या स्टॅक ओव्हरफ्लो सर्वेक्षणात ८४ टक्के लोकांनी एआय टूल वापरतो किंवा वापरणार आहे असं सांगितलं. त्याच सर्वेक्षणात उत्तरांच्या अचूकपणावर अविश्वास असणारे ४६ टक्के निघाले आणि विश्वास असणारे ३३ टक्के. सगळ्यात जास्त त्रास कशाचा, तर ‘जवळपास बरोबर, पण पूर्ण बरोबर नाही’ अशा उत्तरांचा. ६६ टक्के लोकांनी तो नोंदवला. उघड चूक दिसते आणि दुरुस्त होते. जवळपास बरोबर असलेलं काम प्रत्येक ओळ तपासायला लावतं.

यातला पहिला प्रकार, बदल न होताच ‘बदल केला’ म्हणणं. टूल जुना मजकूर शोधून त्या जागी नवा टाकतं. फाइलमध्ये टॅब आहेत आणि मॉडेलने स्पेस लिहिल्या, किंवा ओळींचा शेवट वेगळ्या पद्धतीचा आहे, की शोध फसतो. शोध फसल्याचा निरोप मॉडेलपर्यंत नीट पोहोचला नाही, तर ते पुढच्या वाक्यात काम झाल्याचं सांगून मोकळं होतं. उपाय सोपा आहे. लिहिल्यानंतर फाइल डिस्कवरून परत वाचा, आधीच्या आणि नंतरच्या मजकुराची तुलना करा, आणि ‘काय बदललं’ ही यादी त्या तुलनेतून बनवा. मॉडेलच्या वाक्यातून ती कधीच बनवू नका.

दुसरा प्रकार टेस्टचा. ‘सगळ्या टेस्ट पास झाल्या’ हे वाक्य मॉडेलला लिहूच देऊ नका. टेस्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा एक्झिट कोड (यश की अपयश सांगणारा आकडा), किती टेस्ट चालल्या, किती वगळल्या, हे टूलने स्वतः दाखवावं. टेस्ट चाललीच नसेल तर ‘टेस्ट चालवली नाही’ असं स्पष्ट यावं. मॉडेल कधी कधी कोड दुरुस्त करण्याऐवजी टेस्टच सैल करतं. अपेक्षित उत्तर बदलतं, टेस्ट वगळावी अशी खूण घालतं, एरर गिळणारा ब्लॉक टाकतं. हे पूर्णपणे थांबवणं अवघड आहे, पण उघड करणं सोपं आहे. आम्ही टेस्टच्या फाइलमधले बदल डिफमध्ये (आधीच्या आणि नंतरच्या कोडच्या तुलनेत) सगळ्यात वर, वेगळ्या चौकटीत दाखवतो. वगळलेल्या टेस्टची संख्या वाढली तर टूल तिथेच थांबतं आणि विचारतं. ही एकच सुधारणा झाल्यावर ‘खोटं बोलतं’ या शब्दांतल्या तक्रारी आमच्याकडे एकदम कमी झाल्या. मॉडेल तेच होतं.

तिसरा प्रकार अस्तित्वात नसलेल्या फंक्शनचा. डेव्हलपर त्याला मॉडेलची कल्पनाशक्ती म्हणतो. आमच्याकडे तपासलं तर निम्म्याहून जास्त वेळा इंडेक्स शिळा होता. डेव्हलपरने ब्रँच बदलली, फंक्शन उडवलं, आणि टूल कालच्या इंडेक्समधून त्याच फंक्शनचा दाखला देत होतं. इंडेक्समधली नोंद वापरण्याआधी फाइलचा हॅश जुळतो का पाहा. जुळत नसेल तर फाइल नव्याने वाचा. काही मिलिसेकंद जास्त लागतील, ते लागू द्या.

नसलेल्या पॅकेजचा (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या संचाचा) धोका मात्र गंभीर आहे. २०२४ मध्ये संशोधकांनी १६ मॉडेलकडून कोडचे ५,७६,००० नमुने घेऊन पाहिले. व्यावसायिक मॉडेलनी सुचवलेल्या पॅकेजपैकी किमान ५.२ टक्के आणि खुल्या मॉडेलनी सुचवलेल्यांपैकी २१.७ टक्के अस्तित्वातच नव्हती. त्यातली बरीच नावं पुन्हा पुन्हा तीच येतात. कोणी त्या नावाने दुष्ट हेतूने पॅकेज टाकून ठेवलं, तर टूलच डेव्हलपरच्या मशीनवर ते बसवेल. नवं पॅकेज घालण्याआधी ते रजिस्ट्रीत (पॅकेजच्या जाहीर यादीत) आहे का, कधीपासून आहे, आणि प्रकल्पाच्या लॉक फाइलमध्ये (वापरलेल्या पॅकेजच्या नोंदीत) आधी होतं का, हे टूलने तपासावं. आणि डेव्हलपरला विचारल्याशिवाय बसवू नये.

मॉडेलच बदललं असेल तर

यात फार काही करता येत नाही. आपण मॉडेल बाहेरून घेत असू तर तारीख असलेली ठरावीक आवृत्तीच मागावी, ‘ताजी’ अशी मोघम नावं टाळावीत. नवी आवृत्ती आधी पाच टक्के लोकांना द्यावी, आठवडाभर थांबावं. आणि डेव्हलपरला जुनी आवृत्ती काही महिने स्वतःहून निवडता यावी. तो निवडेलच असं नाही. पण निवडता येतं हे माहीत असल्यावर नव्या आवृत्तीबद्दलची त्याची धास्ती कमी होते.

तक्रार चुकीची असू शकते का

असू शकते. मेटर या संशोधन संस्थेने जुलै २०२५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६ अनुभवी डेव्हलपरनी आपल्याच ओळखीच्या, मोठ्या खुल्या प्रकल्पांतली २४६ कामं केली, काही एआय वापरून, काही न वापरता. एआयमुळे काम २४ टक्के लवकर होईल असा त्यांचा अंदाज होता. काम झाल्यावरही त्यांना वाटलं की २० टक्के वेळ वाचला. प्रत्यक्षात १९ टक्के जास्त लागला होता. प्रयोग लहान आहे आणि २०२५ च्या सुरुवातीच्या टूलवरचा आहे. पण माणसाला स्वतःच्या वेगाचा अंदाज किती चुकीचा येऊ शकतो ते त्यातून दिसतं.

आमच्या टीममध्ये हा प्रयोग तक्रारी झटकण्यासाठी वापरला गेला होता, आणि ते मला पटलं नाही. अंदाज चुकतो तो दोन्ही बाजूंनी. तक्रारीवर शंका घ्यायची असेल तर कौतुकावरही घ्यावी लागेल, आणि कौतुकाचे अभिप्राय तर आम्ही पुरावा म्हणून दाखवत होतो.

तक्रार चुकीची ठरते त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे प्रकल्प वाढलेला असतो. सुरुवातीला वीस फाइल होत्या, आता तीनशे आहेत. टूलसाठी लिहिलेली सूचनांची फाइल दहा ओळींची होती, ती चारशेची झाली आणि त्यात एकमेकींना छेद देणाऱ्या सूचना आल्या. टूल तेच आहे, काम अवघड झालंय. हे ओळखायचं तर तीन महिन्यांपूर्वीच्या कमिटवर तेव्हाचंच काम आजच्या टूलने करून बघा. तेव्हाइतकंच नीट झालं तर कारण प्रकल्पात आहे. तसं निघालं तरी ‘चूक तुमची’ असं सांगून विषय संपवू नका. सूचनांच्या फाइलमध्ये कुठे विसंगती आहे ते टूलला शोधून दाखवता येतं, आणि ते काम आपलं आहे.

डेव्हलपरना काय कळवायचं, कधी

पहिलं उत्तर त्याच दिवशी जायला हवं, कारण सापडलं नसलं तरी. आम्ही साधारण असं लिहितो. ‘तुम्ही पाठवलेल्या तीनपैकी दोन सेशनमध्ये आम्हालाही तेच दिसलं. कारण अजून माहीत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत पुन्हा लिहीन.’ आणि उद्या संध्याकाळी लिहितो, नवं काही नसलं तरी. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ या ठरीव वाक्याने कोणाचंही समाधान झालेलं मी पाहिलेलं नाही.

कारण सापडलं की जाहीरपणे सांगावं. कोणता बदल, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणाला त्रास झाला असेल, स्वतःच्या कामात ते कसं ओळखायचं, आणि त्या काळातल्या कोडमध्ये काय पुन्हा तपासायला हवं. शेवटचा मुद्दा बहुतेक जाहीर खुलाशांत नसतो. डेव्हलपरला सगळ्यात जास्त गरज त्याचीच असते, कारण बिघडलेल्या टूलने लिहिलेला कोड त्याच्या प्रकल्पात अजून आहे. त्या काळात वापराची मर्यादा फुकट खर्ची पडली असेल तर ती मागायला न लावता परत द्यावी.

दुरुस्तीच्या रिलीजमध्ये नवं काहीही घालू नका. आम्ही एकदा घातलं. दुरुस्ती बरोबर होती, पण सोबतच्या नव्या सोयीत वेगळाच बग होता, आणि लोकांच्या लेखी दुरुस्ती झालीच नाही. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

प्रत्येक खऱ्या ठरलेल्या तक्रारीची चाचणी बनते आणि ती कायमच्या संचात जाते. सारांशाच्या बिघाडाची चाचणी तीन तास चालते, महाग आहे, आणि दर रिलीजला चालते. खर्च वाचवायचा म्हणून ती काढायचा प्रस्ताव दोनदा आला. दोन्ही वेळा मी विरोध केला. आणि टीममधले सगळे आता आठवड्यातले चार दिवस बाहेर जाते तीच आवृत्ती वापरतात, एकही खास फ्लॅग न लावता.

तक्रार बंद कधी करायची, यावर आमच्यात बराच वाद झाला होता. पूर्वी दुरुस्ती बाहेर गेली की बंद व्हायची. आता ज्याने तक्रार केली त्याला नवी आवृत्ती पाठवतो, त्याच्याच रिपोवर तेच काम करून बघायला सांगतो आणि चौदा दिवस ती उघडी ठेवतो. मायग्रेशनच्या फोल्डरची तक्रार पहिल्यांदा ज्यांनी केली होती, त्यांचं उत्तर अकराव्या दिवशी आलं. तीन तासांचं सेशन झालं, सारांश दोनदा झाला, फोल्डर जसंच्या तसं होतं. त्याखाली त्यांनी आणखी एक बग कळवला होता, या वेळी गाठोड्यासकट. नाव बदललेल्या फाइलला टूल नवी फाइल समजतं. तो आम्हाला तासाभरात आमच्या मशीनवर दिसला.